वेळासच्या किनाऱ्यावरची दोन दशकं

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसं कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडाची घरटी पाहत फिरत होती. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, नाना फडणविसांच्या गावी, त्यांना वाळूत अंड्यांची टरफलं दिसली. ती ऑलिव्ह रिडले कासवांची होती. गावाला यात नवल नव्हतं. अंडी सापडली की खायची नाहीतर विकायची, राहिली तर कुत्री-कोल्हे उकरून काढायचे. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे खरं, पण मध्यरात्री किनाऱ्यावर राखणीला कायदा येत नाही.

संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी तेव्हा जे केलं, ते मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. घरटी शोधायची नजर गावातल्या ज्या माणसांकडे होती, त्यांनाच त्यांनी राखणीला घेतलं. मादी भरतीच्या रेषेच्या वर दीडएक फूट खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, अंगाने वाळू चोपते आणि समुद्रात परतते. पुन्हा फिरकत नाही. मागे उरतो तो वाळूवरचा माग. पहाटे तो ओळखायचा, अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि तारीख लिहून ठेवायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. तोवर गस्त, रोज. वाळूच्या उष्णतेवर नर की मादी हे ठरतं, त्यामुळे जागा निवडतानाही जाणतेपण लागतं.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. घरट्यावर झाकलेली टोपली उचलायची, आत पिल्लं असतील तर ती समुद्राकडे सोडायची, एवढाच सोहळा. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचं जेवतात आणि त्यांचे पैसे गावातच राहतात. अंडी विकून जे हाती येई, त्याहून पिल्लं जगवून जास्त येतं, हे कुणी भाषण न करता घराघरात पटलं. गर्दीचा त्रासही आहेच. अंधारात मोबाइलचे दिवे लावणाऱ्यांना आवरणं सोपं नसतं. तरी महोत्सव बंद करावा असं मला वाटत नाही. गावाला कासव आपलं वाटू लागलं, ते त्यामुळेच.

पुढे अंजर्ले, गुहागर असे किनारे जोडले गेले, वनविभाग आणि कांदळवन कक्ष उतरले, गावोगावचे ‘कासवमित्र’ तयार झाले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीची घरं, बागा झोडपल्या. ज्यांच्या घरी पाहुणे उतरत, तेही त्यातून सुटले नाहीत. पण पुढच्या हंगामांतही किनाऱ्यावरची राखण चालूच राहिली.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला. तिचं नाव ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर ओडिशात २०२१ मध्ये लावलेला बिल्ला मिळाला. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, अशी जी समजूत होती, ती यामुळे डळमळली. गुहागरच्या राखणदाराने जपलेलं घरटं ओडिशाच्या समुद्रालाही कामी येऊ शकतं.

मोठ्या धोक्यांशी मात्र गाव एकटं लढू शकत नाही. धूपप्रतिबंधक बंधारे अंडी घालायची वाळूच गिळतात, किनाऱ्यालगतचे झगझगीत दिवे पिल्लांना उलट दिशेला नेतात, मासेमारीच्या जाळ्यांत मोठी कासवं गुदमरतात. बंधाऱ्याचा आराखडा मंजूर होण्याआधी त्या गावच्या कासवमित्राला विचारलं पाहिजे. कोणत्या वाळूत मादी चढते, हे त्याला ठाऊक असतं.