किल्ली कोणाच्या हाती?

बैलगाडी हाकण्याचे शिक्षण आपल्या भागात कोणत्याही शाळेत दिले जात नसे; परंतु म्हणून ते शिक्षणच नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. मुलगा आधी गाडीत मागे बसे, पुढे बापाच्या शेजारी बसे. शेतातून रिकामी गाडी घराकडे वळली, म्हणजे थोडा वेळ कासरा त्याच्या हाती येई. भरलेली गाडी, नदीचा उतार आणि रात्रीची वाट या पुढच्या पायऱ्या. त्यांना एकदोन हंगाम जावे लागत. शिवाय बैल हे जाणते जनावर. हाकणारा पेंगला तरी बैल घरची वाट सोडीत नसत.

आज त्याच घराच्या ओसरीपुढे मोटारसायकल उभी असते. ती बैलांच्या दहापट वेगाने धावते आणि स्वतःची अक्कल तिला मुळीच नाही. असे असून ती शिकण्यास आपण मुलाला किती वेळ देतो? बहुधा एक दुपार. क्लच कसा सोडावा, गिअर कसा टाकावा एवढे थोरल्या भावाने वा मित्राने दाखविले, की पोरगा तयार झाला असे आपण समजतो. गाडी चालू करता येणे आणि गाडी चालविता येणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्याचा विचार आज आपण करणार आहोत.

प्रथम कायदा पाहू. मोटारीसंबंधी कायदा आपल्या देशात १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली आणि आज चालू असलेला १९८८ साली. या कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षांच्या मुलास एक सवलत आहे, ती ५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकीपुरती. पण दुकानातून येणाऱ्या पेट्रोलच्या दुचाक्या बहुतेक १०० सी.सी. किंवा त्याहून मोठ्या असतात. तेव्हा अकरावीचा विद्यार्थी जी फटफटी घेऊन कॉलेजला निघतो, तिला ही सवलत लागू होत नाही.

२०१९ साली या कायद्यात एक महत्त्वाचे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा वाहनाच्या मालकास दोषी धरले जाते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी ही शिक्षा आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. 'मला ठाऊक नव्हते' असे बापाने नुसते म्हणून भागत नाही. ते त्याला सिद्ध करावे लागते. विम्याचेही तसेच आहे. चालविणाऱ्याजवळ परवाना नसेल, तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते आणि ती भागविण्यासाठी सातबाऱ्यावरील जमिनीकडे पाहण्याची पाळी येते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका भारी मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप झाला. त्याच दिवशी त्यास जामीन मिळाला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट त्यात होती. त्यावर देशभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. परंतु तेथे किल्ली कोणी दिली हे विचारणाऱ्या आपण सर्वांनी, आपल्या घरातील खुंटीवरची किल्ली कोण घेऊन जातो, हेही पाहिले पाहिजे. श्रीमंताची मोटार आणि आपली दुचाकी यांच्या किमतीत फरक असेल. रस्त्यावरच्या माणसाचा जीव मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

आता वेगाचा हिशेब. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते, ६० च्या वेगाने सुमारे १७ मीटर. समोर वासरू आडवे आले, ते डोळ्यांनी पाहिले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात साधारण एक सेकंद निघून जातो. पुढे ब्रेक लागल्यावरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर बेताचा ब्रेक लावला, तर ३० च्या वेगाची गाडी एकूण सुमारे १५ मीटरवर थांबेल, ६० ची सुमारे ४५ मीटरवर. रस्त्यावर खडी सांडलेली असली, म्हणजे याहूनही अधिक. रात्री समोर उसाची ट्रॉली मागच्या दिव्याशिवाय उभी असेल, तर ती दिसेपर्यंतच हे अंतर संपलेले असते. कारखान्यांच्या हंगामात शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे, उदगीरकडे किंवा लातूरकडे रात्री जाणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नको.

मुले हुशार नसतात असे नाही. त्यांची नजर आणि हात आपल्यापेक्षा चपळ असतात. उणीव असते ती धोका आधी ओळखण्याची आणि मोह आवरण्याची. मेंदूचा आवर घालणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्यात मागे दोन मित्र बसले, म्हणजे वेग आपोआप वाढतो. हे ओळखून न्यूझीलंडने १९८७ साली पायऱ्यापायऱ्यांनी परवाना देण्याची पद्धत सुरू केली. प्रथम जाणता माणूस शेजारी. नंतर एकट्याने, पण रात्री दहा ते पहाटे पाच गाडी नाही आणि मित्रांना बसविणे नाही. शेवटी पूर्ण परवाना. श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच, की ही आपल्या कासऱ्याचीच पद्धत आहे.

हेल्मेटविषयी आकडाच बोलेल. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र पाहून आढळले आहे. मात्र ते हनुवटीखाली बांधलेले हवे. आरशाला अडकविलेले हेल्मेट आरशाचेच रक्षण करते.

येथे कोणी विचारील, "एस. टी.ची वेळ जुळत नाही, बाप रानात. मग लेकराने शिकवणीला जावे कसे?" हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर एकट्या बापाने द्यावयाचे नाही. कॉलेजच्या वेळेस बस मिळावी, म्हणून ग्रामपंचायतींनी, नगरपंचायतीने आणि शाळांनी मिळून आगाराकडे मागणी लावून धरली पाहिजे. एका वाडीतील चार घरांनी मिळून परवानाधारक माणसाची गाडी ठरविली, तरी खर्च पेलतो. जवळच्या गावी सायकल आहेच.

अठरा पूर्ण झाली, की शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा महिन्यानंतर देता येते. आमचे सांगणे असे, की महिना भरताच घाई करू नये. सहाही महिने शिकण्यात घालवावे. आधी मोकळे मैदान, मग गावचा रस्ता, मग बाजाराचा दिवस, मग मोठा रस्ता, आणि पाऊस व रात्र सर्वांत शेवटी. मागे एकाहून अधिक माणूस नको. मोबाईल खिशात बंद असावा. अपघात दिसला तर थांबून १०८ क्रमांकास फोन करावा. मदत करणाऱ्यास कायद्याने संरक्षण दिले आहे.

आणि हे सर्व शिकविण्याआधी बापाने स्वतः हेल्मेट बांधावे. मागे बसलेले सात वर्षांचे पोर रस्ता पाहत नसते. ते आपल्याला पाहत असते. त्याचे शिक्षण त्या दिवसापासूनच सुरू झालेले असते.