धन्वंतरीपुढील औषधांचा डबा

आश्विन वद्य त्रयोदशीच्या सायंकाळी दक्षिणेकडे ज्योत करून यमाला दीपदान करावयाचे, घरातील कोणास अपमृत्यू येऊ नये अशी प्रार्थना करावयाची आणि देवापुढे धने-गुळाचा नैवेद्य ठेवावयाचा, हा धनत्रयोदशीचा परिपाठ आपल्याकडे घरोघरी चालत आला आहे. वैद्यमंडळी याच दिवशी धन्वंतरीचे पूजन करून कडुनिंबाची पाने साखरेसह प्रसाद म्हणून वाटतात. शासनाने २०१६ मध्ये आयुर्वेद दिनासाठी हीच तिथी धरली होती. २०२५ पासून तो दिन २३ सप्टेंबरला गेला. दप्तरातील तारीख बदलली तरी देवघरातील तिथी बदलत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

आमच्या घरी या दिवशी आणखी एक चाल आहे. घरात असतील नसतील ती सर्व औषधे एका परातीत काढून धन्वंतरीच्या तसबिरीपुढे मांडावयाची व त्यांवर गंधाक्षता वाहावयाच्या. पूर्वी त्या परातीत सहाण, सुंठ, वेखंड आणि मात्रांच्या पुड्या असत. आता गोळ्यांची पाकिटे आणि बाटल्या असतात. काही वर्षांपूर्वी या चालीने आमच्या आत्यांची एक मोठी पीडा दूर केली, तीच हकीगत येथे सांगावयाची आहे.

आत्यांचे वय त्या वेळी सत्तरीच्या पुढे. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या काकड आरतीला जाण्याचा त्यांचा नेम चाळीस वर्षांत मोडला नव्हता. त्या वर्षी मात्र खोकल्याने त्यांना पुरते गांजले. कोरडा, टोचरा खोकला. बेडका नाही, ताप नाही. घशात गवताची काडी अडकल्यासारखी खवखव होई आणि एकदा ढास लागली की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत थांबत नसे. आरतीचे पद सुरू झाले की त्या तोंडाला पदर लावून सभामंडपाबाहेर येत. रात्री आडवे पडण्याची सोय नव्हती. उशाशी तक्क्या ठेवून बसल्या बसल्याच डोळा लागे. देवाची सेवा आपल्या हातून आता घडावयाची नाही, असे त्यांनी मनाशी धरले होते.

उपचारांत कसूर झाली असे कोणी म्हणणार नाही. आठवड्यांमागून आठवडे खोकला राहिला म्हणून थुंकीची तपासणी व छातीचे क्ष-किरण चित्र झाले. दोन्ही निर्दोष निघाली. मग अडुळशाचा काढा झाला, मध-आल्याचे चाटण झाले. खोकला दाबणारे औषध आले, त्याने दिवसभर पेंग व मलावरोध. सर्दीची गोळी आली, तिने तोंडाला कोरड पडली आणि एके रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी त्यांचा तोल गेला. सूनबाई पाठीशी होती म्हणून निभावले. नाक चोंदते म्हणून थेंब आणले. ते तीन-चार दिवसांपलीकडे घालू नयेत, हे ठाऊक नसल्याने महिनाभर घातले. परिणामी थेंबांचा अंमल ओसरला की नाक पूर्वीहून अधिक चोंदे. त्यात आत्या काकड्याला जाताना ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरीत आणि दिवसभर चघळीत. रक्तदाब चढू लागला. तेव्हा त्या दाबावरील मूळ गोळीची मात्रा वाढवावी, असे घाटू लागले.

आणि नेमकी तीच गोळी खोकल्याचे मूळ होती!

धनत्रयोदशीला परात मांडताना सूनबाई एकेका पाकिटावरील नाव वाचून ते केव्हा सुरू झाले हे वहीत टिपत होती. घरातील सर्वांचे म्हणणे, पहाटेच्या गारठ्याने, काकड्यामुळेच खोकला जडला. तिने वही पाहून विचारले, ‘‘आत्या, काकडा तर कोजागिरीला सुरू झाला. तुम्ही श्रावणात पोथी वाचत होतात, तेव्हाही खोकत होतात ना? आणि ही गोळी आषाढातली आहे.’’ आत्या म्हणाल्या, ‘‘अगं, ती दाबाची. तिचा खोकल्याशी काय संबंध?’’ संबंध होता. वही घेऊन दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाताच त्यांनी ती वाचली, क्षणभर थांबले, आणि गोळी बदलून दिली.

रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशी ज्यांच्या नावांच्या अखेरीस ‘प्रिल’ येते, त्या या गोळ्या. हृदय, मूत्रपिंड व रक्तदाब यांच्या विकारांत त्यांनी असंख्य लोकांना आयुष्य दिले आहे, याविषयी दुमत नाही. परंतु घेणाऱ्यांपैकी साधारणपणे दहांत एकाच्या आसपास लोकांना त्यांपासून कोरडा खोकला जडतो. स्त्रियांना तो अधिक. तो पहिल्या काही दिवसांत सुरू होतो किंवा काही महिन्यांनीही, त्यामुळे गोळीवर संशय जात नाही.

या गोळ्यांचा उगम मोठा विलक्षण आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा एक विषारी सर्प आहे. त्याच्या विषात ब्रॅडिकायनिन नामक द्रव्याचा प्रभाव वाढविणारा अंश असल्याचे सर्जिओ फेरेरा या संशोधकाने १९६५ मध्ये दाखविले. त्या अभ्यासाच्या वाटेने कॅप्टोप्रिल ही या कुळातील पहिली गोळी तयार झाली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. तेच ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साठून राहिले की घसा खवखवतो आणि खोकल्याची उबळ येते, असे मानले जाते. वासुकीची दोरी करून घुसळलेल्या सागरातून हलाहल आले आणि त्याच सागरातून अमृतकलश घेऊन धन्वंतरीही आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. हलाहल कंठात राहिले, हेही. आत्यांना डॉक्टरांचे बोलणे समजावून सांगताना याहून सोपा दृष्टांत आम्हांस सापडला नाही. योग्य योजनेने तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि दुर्योजनेने औषधही विष बनते, असे चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे; आणि कासाचे त्याने पाच प्रकार मानले, म्हणजे खोकला एकच नव्हे हेही त्याला ठाऊक होते.

तथापि वाचकांपैकी कोणी हे वाचून आपली ‘प्रिल’ गोळी स्वतःच्या मनाने बंद करील, तर तो अनर्थ होईल. गोळी बदलावयाची ती डॉक्टरांनीच. खोकल्याची प्रवृत्ती नसलेल्या, लोसार्टन वा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या त्यांच्यापाशी असतात. बदल केल्यावरही खोकला दुसऱ्या दिवशी जात नाही. बहुधा एक ते चार आठवडे लागतात, क्वचित त्याहून अधिक. आणि दोन आठवडे टिकलेला कोणताही खोकला प्रथम क्षयासाठी तपासून घ्यावा. सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. रक्त पडणे, वजन घटणे, पायांवर सूज, धाप यांपैकी काही असेल तर दिवाळी सरण्याची वाट पाहू नये.

घरगुती म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही, हे आम्ही आत्यांच्या ज्येष्ठमधावरून शिकलो. ती कांडी रोज पुष्कळ चघळली तर अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही नाक मोकळे करणारे द्रव्य रक्तदाब वाढविणारे असते. वृद्ध पुरुषांना त्या गोळ्यांनी लघवी तुंबण्याचा त्रास होतो. दम्याचा फवारा घेणाऱ्यांनी त्यानंतर चूळ भरावी, नाही तर तोंडात पांढरे चट्टे येतात; ही तर अगदी साधी गोष्ट, पण कोणी सांगत नाही. वर्षाच्या आतील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. लहान मुलांना खोकल्याचे औषध आपल्या विचाराने देऊ नये, हे २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित औषधाने बालके दगावल्यापासून तरी सर्वांच्या ध्यानी यावे.

दिवाळीचे दिवस खोकल्याला तसे प्रतिकूलच. घराची झाडलोट, रंगाचा वास, तळणाचा धूर, धूप-कापूर आणि फटाके. आत्यांसाठी त्या वर्षी धुपाटणे अंगणात ठेवले, समईची वात तेवढी आत राहिली. ज्येष्ठमध परातीतून उचलून ठेवला, थेंबांची बाटली टाकली. नाक पुढे आठ-दहा दिवस चोंदलेलेच राहिले, मग सुटले.

भाऊबीजेला आत्या आडव्या पडून झोपल्या. त्रिपुरी पौर्णिमेला काकड्याची समाप्ती झाली, त्या पहाटे त्या सभामंडपात शेवटपर्यंत बसल्या. खोकला अगदीच आला नाही असे नाही, दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी घोटभर पाणी घेतले आणि पुढचे पद उचलले.