प्रल्हादाच्या आईचं नाव काय?



गेल्या वैशाखात आमच्या बचत गटाच्या अकराजणी टेम्पोनं नीरा नरसिंहपूरला गेलो होतो. संगमावर हातपाय धुतले, दर्शन घेतलं, ओट्या भरल्या आणि सावलीला बसून दशम्या सोडल्या. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या आक्का म्हणाल्या, "बायांनो, पोराचं नाव प्रल्हाद, बापाचं नाव हिरण्यकश्यपू. मग आईचं नाव काय?"

अकराजणींत एकीलाही सांगता आलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर मी शोधलं, वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. तेच आज तुम्हाला सांगते. त्या माऊलीशिवाय नरसिंहपूरची गोष्ट अर्धीच राहते.

आधी गाव कुठं आहे ते सांगते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठीही एक नरसिंहपूर आहे, म्हणून आपल्याला नीरा नरसिंहपूर म्हणतात. इंदापूर तालुक्याचं आणि आपल्या पुणे जिल्ह्याचंही हे आग्नेयेकडचं टोक. एका अंगानं नीरा येते, दुसऱ्या अंगानं भीमा येते आणि दोघींच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर हे गाव बसलंय. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका, भीमा ओलांडली की माढा तालुका. दोन्ही सोलापूर जिल्ह्यात. आपल्या बारामतीच्या शेताला पाणी पाजणारी नीरा इथं येऊन भीमेला मिळते. तेच पाणी पुढं पंढरपूरला जातं आणि चंद्रभागा म्हणवून घेतं. म्हणजे आपल्या पाटाचं पाणी आणि विठोबाच्या पायरीचं पाणी हे नात्यातलंच आहे.

नदीला दगडी घाट आहे आणि वर उंचावर देऊळ. आज दिसतं ते बांधकाम पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी केलं. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत होते तेच हे विंचूरकर. पण स्थान त्याहून फार जुनं मानतात. इथला नरसिंह पश्चिमेकडं तोंड करून आहे आणि त्याच्यासमोर प्रल्हादाचं देऊळ आहे. भक्त आणि देव समोरासमोर. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचं हे कुलदैवत. लग्न झालं की जोडपी इथं येतात, बाळ झालं की त्याला देवाच्या पायावर घालायला आणतात.

इथली आख्यायिका अशी, की प्रल्हादानं संगमावरची वाळू घेतली, स्वतःच्या हातानं नरसिंहाची मूर्ती घडवली आणि तिची पूजा केली. म्हणून या देवाला वाळूचा देव म्हणतात. राजाचं पोर, पण देव सोन्याचा केला नाही. नदीनं जे दिलं त्याचाच केला. आपणही नागपंचमीला मातीचा नाग करतो, पोळ्याला मातीचे बैल करतो. हाताशी असेल त्याचाच देव करायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

आता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट थोडक्यात. हिरण्यकश्यपूनं ब्रह्मदेवाकडून वर मागून घेतला होता. माणसाच्या हातून मरण नको, जनावराच्या नको. घरात नको, घराबाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. जमिनीवर नको, आकाशात नको. शस्त्रानंही नको. त्याला वाटलं, सगळ्या वाटा बुजवल्या. पण देवानं मधली फट शोधली. अर्धा माणूस, अर्धा सिंह होऊन तो खांबातून आला. वेळ निवडली तिन्हीसांजेची, जागा निवडली उंबऱ्याची. मांडीवर घेतलं आणि नखांनी फाडलं.

म्हणून वैशाख शुद्ध चतुर्दशीला नरसिंह जयंतीचा सोहळा सूर्य मावळायच्या वेळी करतात. त्या दिवशी नरसिंहपूरला मोठी गर्दी असते. आपण तिन्हीसांजेला दिवा लावतो, उंबऱ्यावर रांगोळी काढतो, हळदीकुंकू वाहतो. ना आतली ना बाहेरची, अशी ती जागा. तिला इतका मान का, हे या गोष्टीतून चांगलं उमगतं.

आता आक्कांच्या प्रश्नाकडं येऊ. प्रल्हादाच्या आईचं नाव कयाधू.

तिची गोष्ट भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात आहे आणि ती स्वतः प्रल्हादच सांगतो. शाळेतले सवंगडी त्याला विचारतात, तू आमच्याएवढाच, मग एवढं ज्ञान तुला शिकवलं कुणी? तेव्हा तो आपल्या जन्माआधीची हकिकत सांगतो.

हिरण्यकश्यपू तप करायला मंदार पर्वतावर निघून गेला होता. घरधनी नाही हे बघून देवांनी त्याच्या नगरावर चाल केली. असुर जिवाच्या भीतीनं बायकापोरं मागं टाकून पळाले. इंद्रानं कयाधूला धरलं आणि ओढत नेऊ लागला. ती पोटुशी होती. रडत होती, आकांत करत होती. देवांचा राजा एका गरोदर बाईला फरफटत नेत होता, हे पुराणातच लिहिलंय बरं का. मी पदरचं काही सांगत नाही.

वाटेत नारदमुनी आडवे आले. म्हणाले, सोड तिला, तिचा काय अपराध? इंद्र म्हणाला, हिच्या पोटात माझ्या वैऱ्याचं बीज आहे. बाळ जन्मलं की त्याला मारीन, मग हिला सोडीन. नारदांनी ठणकावून सांगितलं, ते बाळ भगवंताचा भक्त आहे, तुझ्या हातून ते मरायचं नाही. तेव्हा कुठं इंद्रानं तिला सोडलं, तिला प्रदक्षिणा घातली आणि निघून गेला.

नारद तिला आपल्या आश्रमात घेऊन गेले. म्हणाले, मुली, तुझा नवरा येईपर्यंत इथं निर्धास्त राहा. ती राहिली. तिथं नारद तिला धर्माच्या, भक्तीच्या गोष्टी सांगत आणि पोटातला प्रल्हाद त्या ऐकत असे. पुराण पुढं म्हणतं, की फार काळ लोटला आणि ती पडली बाई, म्हणून ती ते ज्ञान विसरली. प्रल्हादाला मात्र आठवत राहिलं. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा आक्का हसल्या. म्हणाल्या, "विसरली कशाची! तिला पुन्हा कुणी विचारलंच नसंल."

तो आश्रम कुठं होता, हे भागवतात सांगितलेलं नाही. पण आपल्याकडची श्रद्धा अशी, की तो इथंच, नीरा-भीमेच्या संगमावर होता आणि प्रल्हादाचा जन्मही इथलाच. पाकिस्तानातल्या मुलतानलाही प्रल्हादाचं जुनं स्थान सांगतात. आंध्रातल्या अहोबिलमला नरसिंह जिथून निघाला तो खांब दाखवतात. एकच गोष्ट देशभर पसरली आणि प्रत्येक गावानं त्यातला एक तुकडा आपला म्हणून जपला. आपल्या संगमाच्या वाट्याला आला तो आसऱ्याचा तुकडा. खांब फुटला, राक्षस मेला ते नंतर. त्याआधी इथं एका परक्या, भेदरलेल्या, पोटुशा बाईला जागा मिळाली. ती मिळाली नसती तर प्रल्हाद जन्मलाच नसता.

हे वाचलं आणि मला एक गोष्ट आठवली. ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगते.

दिवाळीनंतर आपल्या बारामती-इंदापूरच्या उसात टोळ्या येतात, बीडकडून, अहिल्यानगरकडून. मागच्या हंगामात आमच्या वस्तीशेजारी कोप्या पडल्या होत्या. त्यातली एक पोर हापशावर भेटायची. सातवा महिना असेल. डोक्यावर मोळ्या वाहून पाय सुजलेले. मी विचारलं, "दवाखान्यात नाव घातलंय का?" म्हणाली, "गावाकडं घातलंय, कार्ड तिकडंच राहिलं." मी "बरं" म्हणाले आणि हंडा उचलून घरी आले. पुढं एके पहाटे ती फडातच बाळंत झाली. दोघं वाचली, ही देवाची कृपा. पण मी तिला तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. नरसिंहपूरला आक्कांनी कयाधूचं नाव विचारलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती पोर उभी राहिली.

नारदांनी काय केलं? वाटेत थांबले, चौकशी केली, जागा दिली आणि तिच्याशी बोलत राहिले. यातलं आपल्या हातचं नाही असं काय आहे? गरोदर बाई परगावची असली तरी इथल्या अंगणवाडीत तिची नोंद होते आणि तिला आहार मिळतो. आशाताईंना कळवलं तर तपासणी होते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन केला तर गाडी येते. पहिल्या खेपेला, अटीत बसत असेल तर, मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये तिला मिळू शकतात. हे तिला कोण सांगणार? मुकादम सांगणार नाही. हापशावर भेटणारी बाईच सांगणार.

आमच्या गटानं ठरवलंय. यंदा कोप्या पडल्या की आठ दिवसांच्या आत दोघी-दोघींनी जाऊन यायचं. कुणाला कितवा महिना आहे ते वहीत लिहायचं आणि अंगणवाडीताईंना कळवायचं. वहीत सगळ्यांत आधी लिहायचं ते तिचं नाव.

मराठवाड्यात हिंगोलीजवळून एक नदी वाहते. तिचं नाव कयाधू. आपण नाव विसरलो तरी तिकडच्या लोकांनी ते नदीला देऊन ठेवलंय.

पुढच्या खेपेला नरसिंहपूरला जाल तेव्हा देवाला हात जोडा, प्रल्हादाला जोडा. मग घाटावर उतरा आणि संगमाकडं बघून एकदा कयाधूचंही नाव घ्या. बरोबर लेकी-सुना असतील तर त्यांनाही विचारा, प्रल्हादाच्या आईचं नाव काय?