अलंकार ओळखण्याआधी

तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की एमपीएससी, मराठीच्या भागात एक प्रश्न हमखास येतो: पुढील ओळीतील अलंकार ओळखा. लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत बसणारी मुलं मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ उघडून त्याची तयारी करतात आणि वहीच्या समासात खुणा लिहून ठेवतात. ‘सम, सारखा, परी’ दिसलं की उपमा. ‘जणू, गमे, भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ओळीच्या शेवटी अक्षरं जुळली की यमक. या खुणा चुकीच्या नाहीत, अपुऱ्या आहेत. खुणेचा शब्द गाळलेली ओळ समोर आली की मूल गोंधळतं. त्यानं शब्द शोधलेला असतो. कवीनं दोन गोष्टींत कोणतं नातं जोडलं, ते पाहिलेलंच नसतं.

कापसाचं उदाहरण घेऊ. ‘नांदेड-44’ हे गाजलेलं वाण नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राचं. वेचणीला आलेलं रान कसं दिसतं हे इकडच्या मुलांना सांगावं लागत नाही. ‘कापूस चांदण्यासारखा पांढरा आहे’ ही उपमा. कापूस उपमेय, चांदणं उपमान, पांढरेपणा हा दोघांचा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्य दाखवणारा शब्द. इथे दोन्ही वस्तू आपापल्या जागी आहेत. ‘जणू चांदणंच रानात उतरलंय’ म्हटलं की उत्प्रेक्षा: बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक आहे, तरी तो कल्पनेनं कापसाला चांदणं मानतो. ‘रानभर कापूस-चांदणं पसरलं’ या रूपकात दोघं एकच झाले. ‘हा कापूस नव्हेच, हे चांदणं’ म्हणताना उपमेयच नाकारलं, म्हणून अपन्हुती. ‘चांदण्यानं लाजावं इतका पांढरा’ म्हणताना उपमेय वरचढ ठरलं, तो व्यतिरेक. चकोर चांदणं समजून कापसावर झेपावला तर भ्रान्तिमान. ‘कापसाची सर कापसालाच’ म्हटलं तर उपमानाची गरजच उरली नाही; तो अनन्वय. कापूस तोच, चांदणंही तेच. बदलत गेलं ते दोघांमधलं अंतर. एकच कल्पना अशी हातात फिरवून पाहणाऱ्या मुलाला ‘जणू’ गाळला तरी फरक पडत नाही.

पण मुळात अलंकार होते तरी किती? नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत, पुढे तिथेच प्राचार्य झाले. इतिहास-राजकारणावरच्या त्यांच्या लेखनाची चर्चा अधिक होते. पण भरताच्या नाट्यशास्त्राचा त्यांचा अभ्यासही तितकाच खोल होता. त्या नाट्यशास्त्रात अलंकार मोजून 4 आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या आलंकारिकांनी बारकावे काढत ही संख्या शंभराच्या वर नेली. पाठांतरानं दमलेल्या मुलांना पहिल्याच तासाला हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मुळं थोडी आहेत, फांद्या पुष्कळ.

त्या चारांतल्या यमकाशी तर नांदेडचं जुनं नातं. सतराव्या शतकातले कवी वामनपंडित ज्या शेष घराण्यातले, ते मूळचं नांदेडचं मानलं जातं, आणि यमकांच्या सोसामुळे ‘यमक्या वामन’ हे नाव त्यांना चिकटलं. आज शाळेत यमक म्हणजे शेवटी जुळणारी अक्षरं एवढंच शिकवलं जातं. संस्कृत परंपरेत मात्र तीच अक्षरं त्याच क्रमानं पुन्हा यायला हवीत आणि अर्थ वेगळा निघायला हवा.

अशा यमकाचं उदाहरण लातूरचं घेऊ. 2016 चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली, तेव्हा तिच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होतं. त्या दिवसांबद्दल कुणी म्हणालं, ‘नळाला पाणी नव्हतं, पण माणसांत पाणी होतं’, तर ‘पाणी’ दोनदा आलं आणि दोन अर्थांनी आलं. हे जुन्या अर्थाचं यमक. ‘त्या उन्हाळ्यानं लातूरचं पाणी जोखलं’ म्हटलं, तर शब्द एकदाच आला आणि अर्थ दोन निघाले: धरणातला साठा आणि माणसांची धमक. हा श्लेष. दोन्ही वाक्यांत ‘पाणी’ काढून ‘जल’ घालून पाहा, सगळं कोसळतं. म्हणून हे शब्दालंकार. कापसाच्या उपमेत ‘चांदण्या’च्या जागी ‘चंद्रप्रकाश’ घातला तरी उपमा शाबूत राहते, म्हणून तो अर्थालंकार. शब्द बदलून बघण्याची ही कसोटी समासातल्या सगळ्या खुणांपेक्षा भरवशाची आहे.

सर्वांत जास्त मुलं अडतात ती दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांच्यापाशी. तिथे महानुभाव पंथाची मदत घ्यावी. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे या पंथाचंही पवित्र स्थान. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे 114 दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी त्या दोहोंचा मेळ सांगणारं दार्ष्टान्तिक, अशी त्याची मांडणी. काव्यशास्त्रातला दृष्टान्त अलंकार आणि हा दृष्टान्त अगदी एकच नव्हेत, पण विचाराची चाल सारखी आहे. त्यातला जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टान्त सर्वांना ठाऊक असतो. पाय चाचपणारा म्हणतो हत्ती खांबासारखा, कान चाचपणारा म्हणतो सुपासारखा. नीट पाहिलं तर प्रत्येक आंधळ्याचं बोलणं एकेक उपमा आहे, आणि त्या सगळ्या उपमा मिळून एक दृष्टान्त उभा राहतो. उपमा दोन वस्तूंना जोडते, दृष्टान्त दोन प्रसंगांना.

आता ही गोष्ट सांगून कुणी पुढे म्हणालं, ‘ज्याला जेवढं दिसतं, त्याला तेवढंच खरं वाटतं’, तर एका विशेष उदाहरणावरून सर्वांना लागू पडणारं विधान आलं, तो अर्थान्तरन्यास. त्याऐवजी ‘विहिरीतल्या बेडकाला विहीर हेच जग’ असं दुसरं उदाहरणच शेजारी ठेवलं, तर दोन्ही विधानं एकाच पातळीवर राहिली, तो दृष्टान्त. प्रश्नपत्रिकेत ओळ आली की एवढंच विचारावं: दुसऱ्या अर्ध्यात नियम आहे, की आणखी एक उदाहरण?