शेतकऱ्याच्या नावावरची वीज

वऱ्हाडातल्या अकोट तालुक्याच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, तर उत्तरेला सातपुड्याचा पायथा. पायथ्याकडच्या संत्र्याच्या बागा विहिरी-बोअरवर उभ्या आहेत आणि हे ओलित थ्री फेज लाइनवर. डीपी जळाली की शेतकरी वायरमनला गाठतो, मग सबस्टेशन, मग आमदार. विजेचा दर ठरवणारा माणूस या साखळीत कुठेच येत नाही.

तो माणूस म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा अध्यक्ष. आयोग १९९९ साली स्थापन झाला. त्याआधी दर राज्य वीज मंडळ ठरवी आणि मंडळावर मंत्रालयाचा हात असे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ प्रकल्पाकडून वीज घेण्याचा १९९३ चा करारही अशाच बंद दाराआड झाला. २००१ मध्ये तो प्रकल्प बंद पडला, तोवर त्या कराराची किंमत सगळ्यांना कळली होती.

पी. सुब्रह्मण्यम पहिले अध्यक्ष झाले आणि दरवाढीचा प्रस्ताव लोकांसमोर मांडून तपासायची पद्धत सुरू झाली. पहिल्याच सुनावणीत मोठी गोष्ट बाहेर आली. मंडळ वर्षानुवर्षे आपली वीजगळती १८ टक्क्यांच्या आसपास दाखवत होते. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने, म्हणजे गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आकडे उलगडले. प्रश्न वाढत गेले, तशी मंडळाने कबूल केलेली गळती ३० टक्क्यांच्या वर गेली. मग आधीची वीज कुठे मुरत होती? शेतीपंपांच्या खात्यात. बहुतेक पंपांना मीटर नव्हते, आकारणी हॉर्सपॉवरवर होती. त्यामुळे चोरी आणि तारांतली गळती ‘शेतीचा वापर’ म्हणून खपत होती. शेतकरी फुकटखाऊ, ही शहरातली समजूत या हिशेबावर पोसली गेली.

सुब्रह्मण्यम यांच्यानंतर २००४ मध्ये डॉ. प्रमोद देव अध्यक्ष झाले. ते सनदी अधिकारी. तो काळ भारनियमनाचा होता. वीज कुणाची किती तास बंद ठेवायची, याचा निकष आयोगाने ठरवून दिला: जिथे गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. वशिल्याला आळा बसला हे खरे. पण वेळेवर बिल भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा झाली. २००८ मध्ये देव केंद्रीय विद्युत नियामक आयोगाचे अध्यक्ष झाले.

मग असा नियामक निवडूनच का देऊ नये? अमेरिकेत सुमारे दहा राज्यांत तसे होते. लुइझियानाचा ह्युई लाँग १९१८ मध्ये, पंचविशीत, अशाच आयोगावर निवडून आला. टेलिफोन कंपनीला त्याने दरवाढीचे पैसे ग्राहकांना परत करायला लावले आणि त्या लोकप्रियतेवर १९२८ मध्ये गव्हर्नर झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॉर्जियात वाढत्या बिलांच्या रागातून आयोगाच्या दोन जागा विरोधी पक्षाने जिंकल्या. म्हणजे मताला धार आहे. पण ती खुर्ची पुढच्या खुर्चीची पायरीही होते.

आपल्याकडे निवडणूक आणि वीजदर एकत्र आले की काय होते, ते २००४ मध्ये दिसले. विधानसभा निवडणुकीपूर्वी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली आणि सत्ता परत मिळाल्यावर २००५ मध्ये ती गुंडाळली गेली. २००३ च्या वीज कायद्याने मात्र आधीच वेगळी वाट धरली होती. अध्यक्षाची निवड माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवर होते. मुदत पाच वर्षे, वयोमर्यादा ६५ आणि त्याच पदावर फेरनेमणूक नाही. सरकारला सवलत द्यायची तर तिची रक्कम आगाऊ भरावी लागते. मात्र याच कायद्यात लोकहिताच्या धोरणाबाबत आयोगाला निर्देश देण्याची वाट सरकारकडे आहे आणि या पदांवर निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची गर्दीही जुनीच.

मग सामान्य माणसाच्या हाती काय उरते? सुनावणी. दरप्रस्तावावर कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. वऱ्हाडासाठी अमरावतीला सुनावणी होत आली आहे. तिथे उद्योजकांच्या संघटना तयारीनिशी येतात, तज्ज्ञ लावतात. शेतकरी मात्र बहुधा डीपीची तक्रार घेऊन येतो. ती तक्रार खरी असते, पण दराचा हिशेब तिने हलत नाही.

आता तर हा हिशेब आणखी दूर गेला आहे. २०२४ च्या योजनेनुसार साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांचे बिल मार्च २०२९ पर्यंत सरकार भरते. शेतकऱ्याला दिलासा आहे, यात वाद नाही. पण ज्याचे बिल शून्य, तो त्यावरचे युनिट तपासत नाही. पंपाने ओढली त्याहून जास्त वीज नावावर लागली, तरी भांडणार कोण? सरकार पैसे भरणार, गळती झाकली जाणार आणि बोल पुन्हा शेतकऱ्यालाच लागणार.

नियामक निवडलेला असो की नेमलेला, तो समोर आलेल्या आकड्यांवरच निवाडा देतो. २००० मध्ये, त्या पहिल्या सुनावणीत, आकडे उघडे पडले, कारण बाहेरच्या कोणी ते मागितले. म्हणून अकोटच्या शेतकऱ्याने अमरावतीत एकच मागणी लावून धरावी: शेतीच्या प्रत्येक फीडरवर किती वीज आली, किती पंप होते आणि आमच्या नावावर किती लिहिली, ते गावनिहाय जाहीर करा. बिल माफ झाले तरी हा हिशेब मागायचा हक्क माफ झालेला नाही.