‘जोगवा’ कुठल्या कपाटात?

सकाळी ९.३०. देणगीत आलेलं खोकं फोडलं. आधी फडका, मग दाखल क्रमांक, मग फोटो: शीर्षकपान, त्यामागचं पान, शेवटचं क्रमांक असलेलं पान. एवढ्यावर आमचं एआयचं यंत्र ‘कोहा’ या ग्रंथालय-प्रणालीत चढवण्याजोगा, ‘मार्क’ या ठरावीक साच्यातल्या नोंदीचा खर्डा काढून देतं.

१०.३०. नव्या पुस्तकांचे खर्डे झकास. नजर टाकायची, पुढे जायचं.

११.००. आता जुनी. शीर्षकपानावर ‘शके १८३२’. यंत्राने प्रकाशनवर्ष १८३२च घातलं. हवं १९१०. शिवाय कोरी चौकट त्याला बघवत नाही, म्हणून वर एक आयएसबीएनही ठोकून दिलाय. ही पद्धत जगात आली तीच १९७०च्या सुमारास! ‘माहिती नसेल तर जागा रिकामी ठेव’ हे वाक्य यंत्राला द्यायच्या सूचनांमध्ये सगळ्यात वर नेलं.

११.४५. ‘जोगवा’. यंत्राचं विषयशीर्षक: देवीची उपासना, लोकगीते. वर्गांक धर्माचा. सारांशात आरती प्रभूंना ‘कवयित्री’ करून टाकलंय. हा कवितासंग्रह, वर्गांक ८९१.४६१, आणि आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. त्याच खोक्यात त्यांची ‘कोंडुरा’ही निघाली, खानोलकर या नावाने.

“मॅडम, माणूस एकच ना? मग एकाच नावाखाली टाकू?” आमच्या सहायक मुलीचा प्रश्न.

“नको गं. कवितेवर एक नाव, कादंबरीवर दुसरं. वाचक दोन्हींनी शोधणार. दोन्ही ठेव आणि ‘हेही पाहा’ने जोड.”

खर्डा लिहायला यंत्राला काही सेकंद पुरतात. कुठलं नाव, कुठलं कपाट हा निर्णय मात्र मी त्याच्यावर सोडत नाही. चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.

१.१५. डबा.

२.००. जुन्या छपाईतले ‘कांहीं’, ‘नाहीं’ यंत्र गुपचूप सुधारून टाकतं. शीर्षक छापलंय तसंच राहायला हवं. आजचं लेखन मार्क नोंदीतल्या २४६ क्रमांकाच्या, पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात, म्हणजे कसंही टाइप केलं तरी सापडेल.

३.३०. काउंटरवर गर्दी, तालिका बाजूला.

४.३०. दिवाळी अंक. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा, पण आमच्याकडे नोंद फक्त अंकाची, आतल्या कथा-लेखांची नाही. तेवढे हात कधी नव्हतेच. आता अनुक्रमणिकेचे फोटो दिले की लेखक, शीर्षक, पान असा तक्ता समोर येतो. चुका असतात, पण तपासणं हे लिहिण्यापेक्षा कितीतरी सोपं. यंत्राचे पैसे वसूल होतात ते इथे. उद्या आणखी दोन गठ्ठे काढायला शिपाईकाकांना सांगून ठेवलंय.