चौकट एक, पाने अनेक

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. मालेगाव तालुक्यातले जऊळका हे गाव जागचे हलले नाही, पण त्याच्या पत्त्यातला जिल्हा बदलला. समजा, त्या वेळी जऊळक्याची माहिती देणारी शंभर वेबपाने असती आणि प्रत्येकावर ‘जिल्हा अकोला’ असे स्वतंत्रपणे लिहिलेले असते, तर? दुरुस्ती शंभर ठिकाणी करावी लागली असती आणि एखादे पान हमखास सुटले असते.

हे कसे टाळायचे, ते आपल्या ओळखीच्या सातबाऱ्यावरून समजते. गाव नमुना ७ हा जमिनीच्या हक्कांचा, तर गाव नमुना १२ पिकांच्या नोंदीचा. हे दोन वेगळे नमुने एका उताऱ्यावर एकत्र येतात. खात्याचा ८-अ उतारा निराळा. मात्र गाव, तालुका, जिल्हा ही माथ्यावरची माहिती दोन्ही उताऱ्यांना लागतेच.

रिॲक्ट (२०१३), व्ह्यू (२०१४) यांसारख्या साधनांत वेबपान असेच सुट्या घटकांतून जुळवतात. पानाची मांडणी, म्हणजे लेआउट, हाही एक घटकच असतो. फरक इतकाच की, त्याच्या पोटात एक जागा रिकामी सोडलेली असते. या जागेत येणाऱ्या मजकुराला रिॲक्टमध्ये ‘चिल्ड्रेन’ म्हणतात. व्ह्यूमध्ये त्या जागेलाच ‘स्लॉट’ म्हणतात.

मांडणी आखताना पानावरील गोष्टींचे तीन गट करावेत.

१. कायम : रंग, समास, शीर्षपट्टीची जागा. हे चौकटीतच लिहावे.

२. मूल्ये : गाव, तालुका, जिल्हा. यांची जागा चौकटीत ठरलेली असते, पण मूल्य बाहेरून पुरवले जाते.

३. मजकूर : रिकाम्या जागेत जे येईल ते.

‘जिल्हा अकोला’ हे शब्द चौकटीतच कोरले, तर दुरुस्ती एका ठिकाणी होईल हे खरे. पण मग दुसऱ्या जिल्ह्यातील गावाला ती चौकट वापरता येणार नाही. तेच नाव मूल्य म्हणून एका जागी ठेवले, तर दोन्ही गोष्टी साधतात.

येथे एक मोह टाळावा लागतो. ‘अमुक पान असेल तर रकाना दाखव, तमुक असेल तर लपव’ अशा अटी चौकटीत वाढू लागल्या की, एका पानासाठी केलेला बदल दुसरे पान बिघडवतो. त्यापेक्षा चौकटीत चौकट बसवावी. बाहेरची शीर्षपट्टी सांभाळील, आतली दोन रकाने मांडील. आत कोणता मजकूर येणार, हे चौकटीला ठाऊक असण्याची गरजच नसते.

वर्गात करून पाहा : बोनाफाइड दाखला, गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला शेजारी ठेवा. कायम भाग, मूल्ये आणि मजकूर तीन रंगांनी रंगवा. मग विद्यार्थ्यांना विचारा : उद्या शाळेचे नाव बदलले, तर किती ठिकाणी खोडावे लागेल? उत्तर ‘एका’ असे येईपर्यंत चौकट पुन्हा आखा.